गांधीलमाशीचं पोळं मारूनही परत त्याच जागी लागतं? औषध बदलण्याआधी हे तपासा

आमच्या पडवीच्या तिसऱ्या वाशाखाली सलग चार वर्षं गांधीलमाशीचं पोळं लागलं. पहिल्या वर्षी भाऊजींनी बांबूला चिंध्या गुंडाळून, रॉकेल ओतून ते जाळलं. वाशावर काळा डाग पडला तो अजून आहे. दुसऱ्या वर्षी डासांच्या स्प्रेचा अख्खा कॅन रिकामा केला. तिसऱ्या वर्षी एका दुकानातून बिनलेबलचं औषध आलं, त्याबद्दल पुढे सांगते. दर वेळी वाटायचं, गेली एकदाची पीडा. आणि दर वेळी कधी दोन आठवड्यांत, कधी दोन महिन्यांत हातभर अंतरावर नवी दांडी आणि नवं पोळं.

चौथ्या खेपेला आम्ही आधी आठ दिवस नुसतं बघितलं, मग औषध निवडलं. त्यानंतरचे तीन उन्हाळे तो वासा मोकळा आहे. ज्यांच्याकडे गॅलरीत, मीटरच्या पेटीमागे, खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा पागोळ्याखाली हाच प्रकार दरवर्षी होतो, त्यांच्यासाठी आमचा अनुभव आणि त्या निमित्ताने शिकलेलं सगळं इथे लिहिते. औषधापेक्षा आमचं चुकत होतं ते क्रमात. दिसणाऱ्या माशा मारायच्या आणि पोळं, दांडी, जागा तशीच सोडायची, असं तीन वर्षं चाललं होतं.

आधी ती माशी कोण आहे ते पटवून घ्या

चार-पाच मीटरवरून मोबाईलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा. जवळ जायची गरज नाही.

राखाडी, कागदासारखं, खालून उघडं, खोल्या दिसणारं आणि एका बारीक काळ्या दांडीवर उलट्या छत्रीसारखं लटकलेलं पोळं असेल तर ती गांधीलमाशी. कुठे तिला गांधील म्हणतात, कुठे गांधीण. घराच्या आसपास सापडणारी एक लहान, तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळी रेघ असलेली जात आहे, रोपालिडिया मार्जिनाटा. दुसऱ्या लांब पायांच्या, पिवळसर जाती तिच्याहून थोड्या मोठ्या. औषधाच्या दृष्टीने दोघींना एकच उपाय.

पोळं मेणाचं असेल तर ती मधमाशी. तिथे हे सगळं वाचायचं थांबवा. फुलोरी झुडपात किंवा खिडकीच्या कोपऱ्यात तळहाताएवढं पोळं करते, सातेरी भिंतीच्या पोकळीत किंवा पेटीत राहते, आणि आग्या मोहोळ म्हणजे उंच इमारतीला, पाण्याच्या टाकीला लटकलेला तो एकच मोठा, काळा, हलणारा पडदा. आग्यावर स्प्रे मारणं म्हणजे अख्ख्या सोसायटीला संकटात ढकलणं आहे. एक माशी डंख मारते तेव्हा सुटलेल्या वासाने बाकीच्या चवताळतात आणि पार रस्त्यापर्यंत पाठलाग करतात. मधमाशांसाठी मधपाळ बोलवा. पुण्यात खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. तिथे किंवा तालुक्यातल्या मधपाळांकडे चौकशी केली की पोळं न मारता हलवणारा माणूस सहसा मिळतो.

मातीचं घर असेल तर ती कुंभारीण. स्विचबोर्डाच्या भोकात, कुलपात, पुस्तकांच्या फळीवर चिखलाची मडकी करते. तिच्याकडे राखण करणारी फौज नसते, ती एकटीच, आणि उगाच चावायला येत नाही. भ्रमर-कीटक न्याय आपण कीर्तनात ऐकतो, की अळीला आणून ती गुणगुणते आणि अळीची कुंभारीण होते. प्रत्यक्षात ती अळीला डंखाने लुळं करून मडक्यात ठेवते आणि तिचं पिल्लू ती अळी खाऊन बाहेर येतं. काही कुंभारणी अळीऐवजी कोळी भरतात. हे घर उलथन्याने खरवडायचं, बस. विष लागत नाही. लाकडात गोल भोक पाडणारा काळा भुंगा वेगळाच. त्याचं भोक पुट्टीने बुजवायचं आणि लाकडाला ऑइल पेंट द्यायचा.

राहिली ती मोठी गांधील, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी, काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली, किंवा कोरड्या भागात आढळणारी तांबडी-पिवळी. ही भिंतीच्या पोकळीत, कौलांखाली, बांधाच्या बिळात राहते. ये-जा एका भोकातून चाललेली दिसते, पोळं दिसत नाही. हिच्या वाटेला घरच्या माणसाने जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. भोकात मारलेला स्प्रे आतल्या पोळ्यापर्यंत पोचतच नाही. भोक सिमेंटने बंद केलं तर माशा दुसरी वाट कोरतात, आणि ती वाट घराच्या आत निघू शकते. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला पावडर आत फुंकता येते, आणि त्याच्याकडे अंगभर सूट असतो.

तक्रार पहिली: स्प्रे मारला, माशा पडल्या, दोन आठवड्यांनी तेवढ्याच परत

याची तीन कारणं असतात आणि बहुतेक वेळा तिन्ही एकत्र.

पोळ्याच्या ज्या खोल्यांना पांढरी टोपी दिसते त्यांच्यात कोष असतात. स्प्रे त्या टोपीवरून ओघळून जातो, आतला कोष शाबूत राहतो आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यातून पूर्ण वाढलेल्या माश्या बाहेर येतात. पोळं काढलं नाही तर मारलेल्या माशांची भरती पोळ्यातूनच होते.

दुसरं, दिवसा मारलं तर निम्म्या माशा घरी नसतात. परसातल्या वांग्यावर, तुरीवर अळ्या शोधत असतात. परतल्या की तिथेच घुटमळतात आणि शेजारी नवी दांडी रोवतात.

तिसरं कारण कळल्यावर मला खरंच धक्का बसला. आम्हाला वाटायचं राणी मेली की संपलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रोपालिडिया मार्जिनाटाचा अनेक दशकं अभ्यास केला आहे. राणीला पोळ्यावरून काढलं की काही मिनिटांत एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, बाकीच्या तिला मान देतात आणि आठवड्याभराच्या आसपास ती अंडी घालू लागते. म्हणजे जिवंत राहिलेली कुठलीही मादी उद्याची राणी होऊ शकते.

याच जातीची वसाहत आपल्या हवामानात बाराही महिने चालते. परदेशी व्हिडिओंमध्ये सांगतात, थांबा, हिवाळ्यात बर्फ पडलं की सगळ्या आपोआप मरतील. चिपळूणला किंवा पुण्याला कुठलं बर्फ? वाट बघण्यात इथे काही हाशील नाही. ज्यांचे सल्ले वाचतो ते कुठल्या हवेत राहतात हे आधी बघावं.

तक्रार दुसरी: माशा पडतच नाहीत, उलट अंगावर येतात

इथे औषधाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

किराणा दुकानात मिळणारे घरगुती स्प्रे बहुतेक पायरेथ्रॉइड गटातले असतात. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात जे नैसर्गिक कीटकनाशक सापडतं, त्याची ही कारखान्यात केलेली भावंडं. किड्याच्या नसांमधली सोडियमची दारं ती उघडीच ठेवतात, त्यामुळे नस सारखी पेटत राहते, किडा थरथरतो, उलटा पडतो. नाव वाचताना शेवट ‘थ्रिन’ दिसला की समजायचं: इमिप्रोथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, सायफ्लुथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन.

पण सगळ्या थ्रिनांचं काम सारखं नाही. इमिप्रोथ्रिन झटक्यात पाडतं, पण टिकत नाही. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन पाडायला थोडा वेळ घेतात पण मारतात आणि पृष्ठभागावर काही दिवस ते काही आठवडे राहतात. म्हणून कॅनवर मोठ्या अक्षरात काय छापलंय ते बघण्यापेक्षा मागचे बारीक घटक वाचा आणि दोन्ही प्रकारचे घटक एकत्र आहेत असा कॅन घ्या.

डासांच्या स्प्रेचे थेंब मुद्दाम धुक्यासारखे बारीक ठेवलेले असतात, खोलीभर तरंगावेत म्हणून. पडवीत वारा असतो. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या अख्ख्या कॅनपैकी पोळ्यावर किती बसलं असेल देव जाणे. बराचसा भाऊजींच्या नाकातोंडात गेला आणि त्यांना दोन डंख बसले. झुरळांच्या म्हणजे सरपटणाऱ्या किड्यांच्या स्प्रेचे थेंब जाड असतात, नेम धरून जातात, पोळं भिजतं. लहान पोळ्यासाठी घरगुती कॅनांमध्ये हाच बरा. अमेरिकेत खास गांधीलमाशीसाठी वीस-वीस फूट चिळकांडी उडवणारे कॅन मिळतात. आपल्याकडच्या दुकानात ते सहसा नसतात, तेव्हा तिकडच्या व्हिडिओतलं अंतर बघून आपला कॅन वापरायला जाऊ नका. आपला कॅन जेमतेम मीटरभर नीट मारतो, आणि मोठ्या पोळ्यासाठी मीटर हे अंतरच नव्हे.

झुरळांची जेल आणि मुंग्यांचा खडू इथे निरुपयोगी. गांधीलमाशी जेल खायला येत नाही आणि खडूच्या रेघेवरून चालत नाही. डांबराच्या गोळ्या आम्ही पुरचुंडीत बांधून लटकवल्या होत्या, पोळं त्या पुरचुंडीपासून दोन फुटांवर लागलं.

साबणाचं पाणी मात्र खरंच काम करतं, पण पोळं लहान असताना. लिटरभर पाण्यात भांडी घासायचं लिक्विड दोन मोठे चमचे, चांगल्या दाबाच्या हातपंपात. साध्या पाण्याने माशी भिजत नाही, थेंब ओघळून जातो. साबणाने पाणी तिच्या अंगभर पसरतं, पंख चिकटतात आणि श्वासाची छिद्रं बुजतात. सात-आठ माशांच्या पोळ्याला हे पुरतं. मीटर, इन्व्हर्टर, एसीच्या वायरीजवळ मात्र पाणी अजिबात नको.

तक्रार तिसरी: जागेवर औषध मारून ठेवलं तरी महिन्याभरात नवं पोळं

इथे औषधाचा प्रकार महत्त्वाचा. लेबलवर नावापुढे छोटी अक्षरं असतात. ईसी म्हणजे तेलात विरघळवलेलं, पाण्यात घातलं की दुधासारखं होतं. डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात कालवायची पावडर. एससी म्हणजे तीच बारीक भुकटी द्रवात तरंगती ठेवलेली.

ईसी सच्छिद्र भिंतीत, जुन्या लाकडात मुरतं. पृष्ठभागावर, जिथे माशीचे पाय टेकणार तिथे, फार थोडं उरतं. वासही जास्त. डब्ल्यूपी आणि एससीचे कण वर बसून राहतात. आरोग्य खात्याचे लोक मलेरियासाठी घरात जी फवारणी करतात त्यात 2.5 टक्के डेल्टामेथ्रिनची अशी पावडर असते, आतल्या कोरड्या भिंतीवर ती दोन-अडीच महिने टिकते. बाहेर ऊन-पाऊस लागतो तिथे तेवढी अपेक्षा ठेवू नका.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. ताज्या चुन्यावर आणि नव्या सिमेंटवर पायरेथ्रॉइड लवकर मोडतं, कारण चुना क्षारधर्मी. आमच्याकडे दिवाळीला पडवीला चुना होतो. आम्ही चुन्याच्या दुसऱ्याच दिवशी फवारून मोकळे व्हायचो आणि मग औषधाला नावं ठेवायचो.

म्हणून जागा टिकवायची असेल तर घरगुती वापराची नोंद असलेलं डेल्टामेथ्रिन किंवा लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन, डब्ल्यूपी किंवा एससी, लेबलवर लिहिलेल्या मापानेच, आणि फक्त त्या वाशाच्या, त्या कोपऱ्याच्या हात-दीड हात भागावर. अख्खं घर धुऊन काढायचं कारण नाही. माप वाढवलं म्हणून परिणाम वाढत नाही, घरातल्या माणसांचा धोका वाढतो.

कुठलं औषध घरात आणायचंच नाही

आता तिसऱ्या वर्षाचं. तालुक्याच्या एका दुकानदाराने “ताई, हे मारा, नावाला शिल्लक राहणार नाही” म्हणून शेतीचं औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून दिलं. ना नाव, ना माप. घरी आणून न्हाणीच्या कोनाड्यात ठेवलं. संध्याकाळी माझा सहा वर्षांचा पुतण्या ती बाटली हातात घेऊन झाकण फिरवताना सासूबाईंना दिसला. त्यांनी ओरडून बाटली हिसकावली. हे लिहिताना अजून माझ्या पोटात गोळा येतो. त्या मुलाला तहान लागली होती, एवढंच.

शेतीची जहाल औषधं शेतासाठी असतात, आणि तिथेही किती सांभाळून वापरावी लागतात ते 2017 साली यवतमाळ जिल्ह्याने दाखवलं. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून जास्त माणसं दगावली. ती उघड्या रानात फवारत होती. आपण बंद पडवीत, डोक्याच्या वर तोंड करून, थेंब चेहऱ्यावर पडतील असं फवारतो. डायक्लोरव्हॉस, जे पूर्वी सर्रास ‘माशीचं औषध’ म्हणून मिळायचं, त्यावर भारतात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. जुनी बाटली फडताळात असेल तर ती वापरायची नाही आणि कोणाला द्यायचीही नाही.

डबा घेताना लेबलवरचा चौकोन बघा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातल्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. घरासाठी लाल आणि पिवळा नको. हिरवा किंवा निळा, नोंदणी क्रमांक छापलेला, सीलबंद, मराठीतलं माहितीपत्रक असलेला. दुकानदार बिल देत नसेल तर तिथून घेऊ नका.

हिरव्या-निळ्या त्रिकोणाचं औषधही सगळ्यांना निर्धोक नाही. पायरेथ्रॉइड पाण्यातल्या माशांसाठी, म्हणजे मासळीसाठी, अतिशय विषारी. काचेच्या पेटीतले मासे सोडा, डासांसाठी विहिरीत सोडलेले गप्पी मासेसुद्धा मरतात, म्हणून पंप विहिरीवर किंवा पाटाच्या पाण्यात धुवायचा नाही. मांजरांना हा गट, त्यातही परमेथ्रिन, नीट पचवता येत नाही. फवारा वाळेपर्यंत मांजर आत कोंडा. फुलं लागलेल्या झाडावर मारू नका, मधमाश्या मरतील. आणि कॅनमधला दाब ज्वलनशील वायूचा असतो. देवघरातली समई, चूल, विडी, पेटती मशाल, काहीही जवळ नको. मशाल आणि स्प्रे एकत्र वापरणारे लोक मी पाहिलेत, त्यांना हात जोडून सांगते, करू नका.

आम्ही काय केलं

आठ दिवस सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून बसले. माशा पडवीच्या जुन्या दारावर येत होत्या. दाराच्या ऊन-पावसाने राखाडी झालेल्या फळीवर माशी बसायची, तोंडाने लाकूड कुरतडत मागे-मागे सरकायची आणि मागे फिकट रंगाची एक बारीक पट्टी उमटायची. कान दिला तर करकर ऐकू येते. तो लगदा चावून त्या पोळ्याचा कागद करतात. पाणी प्यायला त्या वृंदावनाखालच्या साचलेल्या डबक्यावर यायच्या. हिरव्या अळीची चावून केलेली गोळी घेऊन एक आली की दोघी-तिघी तिच्याभोवती गोळा व्हायच्या आणि वाटून घ्यायच्या. म्हणजे कागद, पाणी आणि अन्न, सगळं आम्हीच पुरवत होतो, वर पावसापासून आडोसा. माशीला त्या वाशाचा सोस का, ते तेव्हा कळलं.

मग अमावास्येच्या आसपासचा एक दिवस धरला. रात्री नऊनंतर सगळ्या पोळ्यावर असतात आणि अंधारात सहसा उडत नाहीत. पडवीचा दिवा बंद, कारण उडालीच तर माशी उजेडाकडे धाव घेते. बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने लावला. लाल रंग त्यांना जवळजवळ दिसत नाही. बॅटरी हातात धरली नाही, बाजूच्या खांबाला बांधली. माझ्या नवऱ्याने पावसाळी रेनकोट, पूर्ण काचेचं हेल्मेट, मळ्यातले बूट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, रबरी हातमोजे, हेल्मेटखाली ओढणी, अशी तयारी केली. मुलं, सासूबाई आणि मांजर आत, खिडक्या बंद. निघायची वाट आधीच मोकळी केली, वाटेतली बादली आणि झाडू उचलला.

शिडी नाही. हे नीट लक्षात घ्या. दोन डंख बसले तर सूज येते, पण शिडीवरून पडलं तर कंबर जाते. उंच पोळ्याला लांब नळीचा हातपंप, जमिनीवर उभं राहून, वाऱ्याकडे पाठ करून. त्यानेही पोचत नसेल तर ते आपलं काम नाही.

डेल्टामेथ्रिन एससी मापाने कालवलं होतं. आधी दांडी आणि पोळ्याची वरची बाजू, मग खालच्या खोल्या, आठ-दहा सेकंद सलग. मग मागे वळून न बघता आत. त्या रात्री पोळं काढायला हात लावला नाही.

सकाळी उजेडात तीस-चाळीस माशा फरशीवर पडल्या होत्या. मेलेली वाटणारी माशीही डंख मारू शकते, म्हणून हाताने नाही, झाडू आणि सुपलीने. पोळं बांबूला उलथनं बांधून खरवडलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, गाठ मारली. कोंबड्यांना अळ्या टाकायचा मोह होतो, पण त्या विष लागलेल्या अळ्या आहेत. दांडी वेगळी खरवडावी लागली. ती काळी, चकचकीत, लाखेसारखी घट्ट बसलेली असते. पुष्कळ जातींच्या माद्या मुंग्या चढू नयेत म्हणून दांडीला पोटातला स्राव चोळत असतात. वासा साबणाच्या पाण्याने घासला, वाळू दिला आणि मगच त्या हातभर भागावर टिकणारा फवारा दिला. फवारून मग घासलं तर औषध पुसून जातं. आम्ही एका वर्षी तेच केलं होतं.

पुढचे चार-पाच दिवस बाहेर राहिलेल्या सहा-सात माशा तिथे घुटमळत होत्या. त्यांना साबणाचं पाणी पुरलं. महिनाभर दर रविवारी मी वासा बघत होते. दाराला ऑइल पेंट दिला, वृंदावनाखालचा उतार नीट केला, वाशाच्या आणि भिंतीच्या सांध्यातल्या फटी बुजवल्या, कपडे वाळत घालायच्या पाइपांच्या उघड्या तोंडांना टोपणं लावली. दर वर्षी पाडव्याच्या आधी एक फेरी मारते. रुपयाएवढं पोळं आणि त्यावर एक-दोन माशा, एवढ्यावर सापडलं तर तिन्हीसांजेला बांबूने पाडून जागा घासली की झालं. औषध काढावंच लागत नाही.

चावलीच तर

गांधीलमाशीचा डंख अंगात राहत नाही, त्यामुळे ती परत परत डसते. आधी पळा, मग उपचार. जागा साबणाने धुवा, बर्फ लावा, बोटात अंगठी असेल तर सुजण्याआधी काढा. लोखंड घासणं, चुना लावणं आमच्याकडेही चालतं, पण त्यात वेळ घालवू नका. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ-घसा सुजला, श्वास लागला, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या तर ती ॲलर्जीची तातडीची अवस्था आहे. मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन मिळेपर्यंत प्रत्येक मिनिट मोलाचं. 108 ला फोन करा, माणसाला आडवं ठेवा, उभं करून चालवू नका. मोठ्या गांधिलींचे बरेच डंख बसले असतील तर माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात न्या. मूत्रपिंडावर परिणाम व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात आणि लघवी चहासारखी काळपट होणं ही त्याची खूण.

फवारताना पायरेथ्रॉइड कातडीला लागलं तर तासाभराने चुणचुण सुरू होते. नवऱ्याच्या मानेला झाली होती. साबणाने नीट धुऊन खोबरेल तेल लावल्यावर निवली. औषध पोटात गेलं असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही. डबा किंवा त्याचा फोटो बरोबर घेऊन दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

आणि सगळीच पोळी पाडायची नसतात. आमच्या परसातल्या फणसावर, पंधरा-सोळा फुटांवर, एक पोळं आहे. तिथून कोणाची वहिवाट नाही. त्या माशा वांग्यावरच्या अळ्या नेतात, मी त्यांना हात लावू देत नाही. गेल्या भाद्रपदात एक मोठी काळी गांधील येऊन त्यातल्या अळ्या काढून खाताना दिसली, चार दिवसांत पोळं रिकामं झालं. या चैत्रात त्याच फांदीवर, थोडं वर, पुन्हा लागलंय. खाली पुतण्याने स्वतःच सुतळी बांधून हद्द आखली आहे.